सोलापूरहून विमान पकडायचंय? अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळा हिशोब

माझा भाऊ दुबईला नोकरीला लागला तेव्हापासून घरातलं विमानाचं सगळं गणित माझ्याकडे आलंय. आधी फक्त त्याचं बघत होते, मग आईबाबा तिकडे गेले, मग मावशी, मग मावशीच्या शेजारच्या काकू, आणि आता जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही पहिलं तिकीट निघालं की फोन येतोय, "ताई, विमानाला किती वेळ लागतो गं?" मी दर वेळी उलट विचारते, विमानाला किती लागतो ते हवंय का तुम्हाला किती लागणार ते? कारण ह्या दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत आणि नवीन माणसाचा सगळा घोळ तिथंच होतोय.

पुणे ते दिल्ली विमान सव्वादोन तासांचं असतंय हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक धरून चालतात की सकाळी निघालो की दुपारच्या जेवणाला दिल्लीत. पण सोलापुरातल्या माणसाला पुण्याच्या विमानतळावर पोचायलाच साडेचार-पाच तास, तिथं दोन तास आधी जायचं, उतरल्यावर बॅगेची वाट बघायची, मग दिल्लीतलं ट्रॅफिक, म्हणजे दहा तास कुठंच गेले नाहीत. म्हणून आधी तीन वेळा वेगवेगळ्या समजून घ्या. एक, विमान प्रत्यक्ष हवेत असतं तो वेळ. दोन, तिकिटावर लिहिलेला वेळ, त्यात विमान गेटवरून हलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंत सगळं धरलेलं असतं, म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं वगैरे पण. आणि तीन, तुमच्या घराच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंतचा वेळ. तिसरा वेळ कुठंच लिहिलेला नसतो, तो आपला आपणच काढायचा, आणि पुढं जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे.

पहिलं काम, विमानतळाचं नाव आणि कोड पक्का करा

शहराचं नाव पुरत नाही. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो, तिकिटावर तोच छापलेला असतो. आपल्या होटगी रोडच्या सोलापूर विमानतळाचा कोड एसएसई. मुंबईत आता दोन विमानतळ झालेत, सहारचा बीओएम आणि पनवेलजवळचा नवी मुंबईचा एनएमआय, तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. गोव्याचेही दोन, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, एक दक्षिणेला, एक पार उत्तरेला. तिकीट काढताना वेबसाइट नुसतं "मुंबई" म्हणून दोन्हीकडची विमानं एकाच यादीत दाखवते आणि माणूस स्वस्तातलं बघून पटकन बटण दाबतो. सोलापूरकडून जाणाऱ्याला पनवेल आधी लागतं, त्यामुळं आपल्याला नवी मुंबई सोयीचीच आहे, पण मामा सहारला येऊन थांबलाय आणि तुम्ही पनवेलला उतरलात असं नको व्हायला. दिल्लीत तर एकाच विमानतळाची तीन टर्मिनल आहेत, तिथं टर्मिनलचा नंबर पण लिहून घ्या.

दुसरं, अंतर मोजा

मोबाइलवर गुगल मॅप्स उघडलं की ते रस्त्याचं अंतर सांगतं, विमानाचं नाही. विमानाचं हवं असेल तर कॉम्प्युटरवर मॅप उघडून पहिल्या विमानतळावर राइट क्लिक करा, तिथं अंतर मोजायचा पर्याय येतो, मग दुसऱ्या विमानतळावर क्लिक केलं की सरळ अंतर मिळतं. मोबाइलवर तेच काम बोट दाबून पिन टाकून होतंय. एवढं सोपं आहे.

ज्यांना हातानं करून बघायची हौस आहे त्यांच्यासाठी, माझ्या भाचीला दहावीच्या सुट्टीत मी हे शिकवलं आणि तिला लय आवडलं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो पण ध्रुवाकडे जाताना आकसत जातो, आपल्या पट्ट्यात साधारण १०६ किमी भरतो. सोलापूर विमानतळ १७.६३ उत्तर आणि ७५.९३ पूर्व, मुंबई १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. फरक १.४६ आणि ३.०६ अंश. म्हणजे उत्तरेकडे १६२ किमी आणि पश्चिमेकडे ३२४ किमी. आता पायथागोरस लावा, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर येतं ३६२ किमी. रस्त्यानं हेच अंतर ४०० च्या आसपास आणि रेल्वेनं ४५५. तीन वेगळे आकडे, तिन्ही बरोबर, फक्त कशानं जाताय त्यावर. ही युक्ती जवळच्या अंतरालाच चालते हां, लंडन-अमेरिकेला नाही, कारण तिथं पृथ्वीचा गोलपणा मध्ये येतो.

तो गोलपणा समजायला घरात पृथ्वीचा गोल असेल तर घ्या, आणि चादरीच्या दशीचा एक लांब दोरा काढा, सोलापूरच्या घरात त्याची काय कमी. एक टोक दिल्लीवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. तुम्हाला वाटेल तो युरोपच्या मधून सरळ पश्चिमेला जाईल, पण तो वर सरकतो, पार रशियावरून उत्तरेकडच्या बर्फाच्या भागातून जातो. तोच खरा जवळचा रस्ता. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा रस्ता कमानीसारखा वाकडा दिसतो म्हणून लोक म्हणतात विमान एवढा वळसा का घालतंय. ते वळसा घालत नाही, नकाशा सपाट करताना वरचा भाग ताणला जातो म्हणून तसं दिसतं.

अंतर वाचताना एक बघा, काही ठिकाणी आकडा किमीमध्ये असतो, काही ठिकाणी मैलात आणि विमानवाल्यांचा सागरी मैलात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. सीटसमोरच्या स्क्रीनवर मैल दिसले आणि तुम्ही किमी समजलात तर हिशोब निम्म्यावर येईल.

तिसरं, अंतरावरून वेळ काढा

मोठी जेट विमानं, म्हणजे आपण दिल्ली-दुबईला बसतो ती, वर गेल्यावर ताशी ८३० ते ९०० किमीनं जातात. पण चढताना, उतरताना, जमिनीवर सरकताना वेग कमी असतो. म्हणून माझा साधा नियम असा, अंतराला ८०० नं भागायचं आणि वर ४० मिनिटं टाकायची. मुंबई-दिल्ली साधारण १,१४० किमी, भागिले ८०० म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं, अधिक चाळीस, दोन तास पाच मिनिटं. तिकिटावर बघा, सव्वादोनच्या आसपास असतं, जमलं की नाही. मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी, येतात तीन तास पाच मिनिटं. मुंबई-सिंगापूर ३,९०० किमी, साडेपाच तास. दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं, पण अंदाजाला पक्कं.

पंख्याची छोटी विमानं असतात, एटीआर म्हणतात, सत्तरएक सीटांची, ती ताशी ५०० किमीच्या आसपास जातात. आपल्या सोलापुरातून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं ते असंच. सोलापूर ते मोपा सरळ अंतर ३०५ किमीच्या आसपास, म्हणजे वरचा वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं आणि बाकीचं धरून तासाभराचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं विमान पण सुरू झालं, ते जेट आहे पण अंतर एवढं कमी की वर जाऊन वेग धरेपर्यंत उतरायची वेळ येते, त्यामुळं तेही तासाभराचंच. जवळच्या प्रवासात जेट आणि पंख्याच्या विमानात फारसा फरक पडत नाही हे लक्षात ठेवा. होटगी रोडवरून किती वर्षं आपण नुसती धावपट्टी बघत जात होतो, आता तिथून विमान उठताना बघितलं की मला अजून पण थांबावंसं वाटतंय, खरंच.

तिकिटावरचा वेळ हिशोबापेक्षा जास्त दिसला तर घाबरू नका. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी विमानं वर घिरट्या घालत थांबतात. कंपन्यांना हे माहीत असतं म्हणून त्या आधीच थोडी जादा मिनिटं धरून वेळ छापतात. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं असतंय, त्या दिवसांत सकाळचं विमान टाळता आलं तर टाळा, दुपारचं घ्या.

जातानाचा वेळ आणि येतानाचा वेळ सारखा का नसतो

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. मुंबई-लंडन साधारण ७,२०० किमी. जाताना दहा तासांच्या आसपास लागतात आणि येताना नऊच्या आसपास. रस्ता तोच, विमान तेच. कारण आहे वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी शंभर-दोनशे किमीनं सहज वाहतो आणि थंडीत अजून जोर धरतो. आपण पश्चिमेला जातो तेव्हा तो तोंडावर येतो, परत येतो तेव्हा पाठीवर. सायकलवरून विजापूर रोडला वाऱ्याच्या विरुद्ध गेलाय ना कधी, तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला जाणाऱ्या एका साध्या प्रवासी विमानाचा वेग जमिनीच्या हिशोबानं ताशी १,२९० किमीच्या आसपास गेला होता, नुसत्या पाठीवरच्या वाऱ्यानं.

आणि ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेला अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलटं, पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं, तो रस्ता १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोचलं! वारा पाठीवर होता म्हणून. त्यामुळं कुणी तुम्हाला नुसतं अंतर सांगून वेळ काढायला सांगितलं तर दिशा कुठली ते आधी विचारा.

दुसरं कारण बंद आकाशाचं. देश आपल्या हद्दीवरून विमान जाऊ द्यायचं की नाही हे ठरवतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला आणि वेळ वाढला. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांचा वेळ वेगळा दिसतो तेव्हा त्यामागं असंही कारण असू शकतं. खरा वेळ बघायचा असेल तर फ्लाइटरडार२४ ह्या विमानं दाखवणाऱ्या वेबसाइटवर तुमच्या विमानाचा नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्षात किती वाजता उठलं आणि टेकलं ते दिसतं. मी तिकीट काढायच्या आधी हे बघतेच बघते, रोज तासभर उशिरा येणारं विमान असेल तर तिथंच कळतं.

चौथं, घड्याळाचा फरक

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हे वाक्य मी मावशीला तीन वेळा लिहून दिलं होतं. समजा लिहिलंय मुंबई ०४:३०, दुबई ०६:१५. बघणारा म्हणतो, अरे वा, पावणेदोन तासांत दुबई! पण दुबई आपल्या दीड तास मागं. दुबईचे ०६:१५ म्हणजे आपले ०७:४५, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. येताना उलटं, दुबई २२:०० आणि मुंबई ०२:३०, दिसतात साडेचार तास, पण दुबईचे २२:०० म्हणजे आपले २३:३०, प्रवास तीनच तासांचा. रीत एकच, दोन्ही वेळा आधी भारताच्या घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं. लंडन थंडीत साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार, कारण तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं. अमेरिकेत हेच मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. न्यूयॉर्क थंडीत साडेदहा तास मागं, उन्हाळ्यात साडेनऊ. दुबई-सिंगापूरला ही भानगड नाही.

पाचवं, तारीख. इथं जरा थांबून वाचा

आमच्या काकांचं तिकीट १२ तारखेचं होतं, वेळ ००:४०. सगळ्यांनी कॅलेंडरवर १२ ला गोल केला, १२ ला सकाळी घरात पूजा झाली, दुपारी गाडी निघाली, रात्री दहाला सगळे मुंबईच्या विमानतळावर. दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं आणि सांगितलं, हे विमान काल रात्री गेलं. काका हातात बॅग घेऊन तसेच उभे राहिले, काकू रडायला लागल्या, नवीन तिकीट तिथल्या तिथं काढावं लागलं ते आधीच्यापेक्षा कितीतरी महाग. तो दिवस मी विसरू शकत नाही, कारण तिकीट मी पण बघितलं होतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासूनच मी हे सगळं कागदावर करायला लागले.

विमानाचं घड्याळ २४ तासांचं आणि तारीख मध्यरात्री बदलते. १२ तारीख ००:४० म्हणजे ११ ची रात्र. आपल्या बोलण्यात "आज रात्री" पहाटेपर्यंत चालते, तिकिटाला ते कळत नाही. परदेशाची कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळं हे कधीतरी होतं असं समजू नका. माझा नियम, ००:०० ते ०५:५९ मधलं विमान असेल तर तिकिटावरच्या तारखेतून एक दिवस वजा करायचा आणि कॅलेंडरवर तीच तारीख लाल पेनानं लिहायची, "आज निघायचं" म्हणून.

तसंच पोचायच्या वेळेपुढं बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी. लंडनहून सकाळी १०:०० ला निघालेलं विमान नऊ तासांनी थंडीत मुंबईला ००:३० ला येतं, पण पुढच्या तारखेचं. तुम्हाला घ्यायला येणाऱ्याला ते नीट सांगा, नाहीतर तो एक दिवस आधी नाहीतर एक दिवस उशिरा येणार.

सहावं, कुठल्या विमानतळावरून जायचं

सोलापूरकरांसाठी खरा निर्णय हाच. मुंबईला किंवा गोव्याला जायचं असेल तर होटगी रोड आहेच, वेळापत्रक बदलत असतं आणि रोज विमान असेलच असं नाही म्हणून तारीख बघून घ्या. सोलापूर-मुंबई घर ते घर धरलं तर अर्धा तास विमानतळापर्यंत, दीड-दोन तास आधी, एक तास हवेत, अर्धा तास बॅग, तासभर मुंबईचं ट्रॅफिक, असे साडेचार-पाच तास. वंदे भारत, १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली ती, साडेसहा तास नुसती गाडीत, स्टेशनचं येणंजाणं धरून आठच्या आसपास. तुमचं काम सीएसएमटीजवळ असेल तर फरक अजून कमी होतो. घाई नसेल तर मी गाडीच सांगते, पाय मोकळे करता येतात आणि वयस्कर माणसांना बरं पडतं.

लांब जायचं असेल तर तीन रस्ते. पुणे २५० किमी, मोहोळ-टेंभुर्णी-इंदापूर-भिगवण सगळा चौपदरी, पण हडपसरला येऊन गाडी अडकते. विमानतळ लोहगावला आहे त्यामुळं हडपसरमध्ये शिरायची गरजच नाही, थेऊर फाट्यावरून केसनंद-वाघोली करून जाता येतं, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. देशातल्या शहरांना पुणे उत्तम. परदेशाची थेट विमानं मात्र तिथून मोजकीच.

मग उरतात मुंबई आणि हैदराबाद, आणि इथं आपले लोक हैदराबादला विसरतात. तेलुगू घरांतल्या लोकांचे तिकडे नातेवाईक असतात म्हणून त्यांना माहीत असतं, बाकीच्यांच्या डोक्यात फक्त मुंबई. सोलापूर ते हैदराबाद ३१० किमी, नळदुर्ग-उमरगा-जहीराबाद-संगारेड्डी, आणि गावात न शिरता आउटर रिंग रोडवरून थेट शमशाबादला, साडेपाच-सहा तास. मुंबई ४०० किमी पण घाट, पनवेल, मग शहर, आठ तास धरायचे. आता दुबईचं बघा. मुंबईहून १,९३० किमी, हैदराबादहून साधारण २,५५०. लोक म्हणतात हैदराबाद लांब पडतं. हवेतले ६२० किमी म्हणजे पाऊण तास! आणि जमिनीवरचे ९० किमी वाचले म्हणजे दोन तास वाचले, शिवाय ट्रॅफिकचा घोर नाही. माझ्या आईबाबांना मी पहिल्यांदा मुंबईहून पाठवलं आणि दुसऱ्यांदा हैदराबादहून, आई म्हणाली ह्यापुढं इकडूनच. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, "मग आधी का नाही सांगितलं बे!" सिंगापूर, बँकॉक अशा पूर्वेच्या गावांना तर हैदराबाद हवेत पण जवळ पडतं. फक्त भाडं आणि थेट विमान आहे का ते दोन्हीकडचं बघून ठरवा.

सातवं, उलटं मोजत या

आता कागद घ्या आणि विमान सुटायच्या वेळेपासून मागं या. देशातलं विमान असेल तर दोन तास आधी दारात, परदेशाचं तीन तास आधी. देशातल्या विमानाचं काउंटर सहसा एक तास आधी बंद होतं आणि ते बंद म्हणजे बंद, बॅग ठेवायला कुणी परत उघडत नाही. परदेशाचं एक तासापासून सव्वा तास आधीपर्यंत, कंपनीप्रमाणं वेगळं, तिकिटावर लिहिलेलं असतं. त्यामागं रस्त्याचा वेळ, त्यात एक जेवण, एक चहा, आणि वर एक तास मोकळा. हा मोकळा तास आषाढीच्या आसपास दोन करा, पंढरपूरच्या वारीच्या दिवसांत टेंभुर्णीच्या बाजूला गर्दी असते. पावसाळ्यात घाटातून मुंबईला जाणार असाल तरी दोनच धरा.

शेंगा चटणी, कडक भाकरी नेणार हे मला माहीत आहे, ती मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत चटणीची बरणी दिसली की तपासणीत बॅग बाजूला काढतात, उघडतात, आणि पंधरा-वीस मिनिटं तिथंच जातात.

मधे विमान बदलायचं असेल तर एकूण वेळ बघा, पहिल्या नि दुसऱ्या विमानाची नुसती बेरीज नको. मधला थांबा परदेशी विमानाला दोन-अडीच तासांपेक्षा कमी घेऊ नका, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या, पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय लावायची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटं काढली तर ती जबाबदारी तुमची. पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोन-तीन हजार वाचवायला हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी हा सगळा हिशोब एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात. मावशीसाठी केलेली इथं देते, विमान हैदराबाद-दुबई, तिकिटावर १९ तारीख ०४:०० असं होतं असं धरा:

१८ तारीख, दुपारी १ ला जेवण.
१८ तारीख, दुपारी ४:३० ला घर सोडायचं.
उमरग्याला चहा, गोळ्या घ्यायच्या.
१८ तारीख, रात्री ११:३० पर्यंत शमशाबाद, दीड तास हाताशी राहतो, बाहेर बसून डबा खायचा.
१९ तारीख, रात्री १ ला आत जायचं, पासपोर्ट हातात.
१९ तारीख, पहाटे ४ ला विमान, आपल्या घड्याळानं पावणेआठच्या आसपास दुबई, तिकडचे सव्वासहा.
घड्याळ उतरल्यावर दीड तास मागं करायचं, गोळ्या मात्र पहिला दिवस भारताच्या वेळेनंच घ्यायच्या.

एक प्रत मावशीच्या पर्समध्ये, एक ड्रायव्हरकडे, आणि एक फोटो काढून दुबईला भावाला.